पेसमेकर आणि तांबडी माती

चिकोडी तालुक्यातील एकसंबा हे गाव निपाणीच्या परिसरातच मोडते. या गावचे श्रीपती खंचनाळे यांनी १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या नामांकित मल्लावर मात करून ‘हिंदकेसरी’ हा किताब मिळविला. या किताबाचे ते पहिले मानकरी होत. शाहू छत्रपतींनी उभारलेले आणि १९१२ साली सुरू झालेले कोल्हापूरचे खासबाग मैदान निपाणीपासून फार दूर नाही. त्यामुळे सीमाभागातील या गावांत मुलगा वयात आला की त्याने तालमीत जावे, लंगोट कसावा आणि तांबडी माती अंगाला लावावी, ही अपेक्षा पिढ्यानुपिढ्या चालत आलेली आहे. मग ज्या तरुणाच्या हृदयाचा ठोका एका यंत्राच्या आधाराने चालतो, त्याने या मातीत उतरावे की नाही? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरामागे मोठा इतिहास आहे.

खंचनाळे यांच्या विजयाच्या आदल्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्वीडनमधील स्टॉकहोम शहरी एक शस्त्रक्रिया झाली. आर्ने लार्सन नावाच्या ४३ वर्षांच्या गृहस्थाचे हृदय मधूनमधून थांबे आणि दिवसातून वीस-तीस वेळा त्यांची शुद्ध हरपे. त्यांच्या पत्नीने हट्ट धरला. तेव्हा रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने विजेचे स्पंद देणारे एक लहानसे यंत्र तयार केले आणि ओके सेनिंग या शल्यविशारदाने ते त्यांच्या शरीरात बसविले. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. दुसरे बसवावे लागले. पुढील आयुष्यात लार्सन यांना अशी सव्वीस यंत्रे लागली. परंतु ते २००१ सालापर्यंत जगले आणि आपल्याला जीवदान देणाऱ्या त्या दोघांच्याही मागे राहिले.

१९६० साली अमेरिकेत विल्सन ग्रेटबॅच आणि डॉ. विल्यम चार्डॅक यांनी असेच यंत्र रुग्णांच्या शरीरात बसविले. त्या काळचे विद्युत्घट दोन-अडीच वर्षांत संपत आणि तारा वारंवार तुटत. १९७२ पासून लिथियमचे घट आले आणि यंत्राचे आयुष्य कित्येक वर्षांनी वाढले. पुढे शरीराची हालचाल ओळखून ठोक्यांची गती वाढविणारी यंत्रेही निघाली. जे यंत्र आरंभी केवळ मरण टाळण्यासाठी होते, ते आता धावण्या-पोहण्यालाही साथ देऊ लागले.

पेसमेकर हे म्हाताऱ्यांचेच उपकरण, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः काही मुलांच्या हृदयात वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याकडे जाणारा विद्युत्संदेश जन्मतःच अडलेला असतो. काहींना हृदयातील छिद्र बुजविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हा अडथळा निर्माण होतो. अशी मुले यंत्राच्या साहाय्याने वाढतात, अठरा-वीस वर्षांची होतात आणि त्यांच्याही मनात कुस्ती अन् कबड्डीची हौस जागी होते.

या खेळांत भय कशाचे? पेसमेकरची डबी बहुधा गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसविलेली असते. तिच्यापासून निघणारी तार हाड आणि पहिली बरगडी यांच्या मधून, शिरेच्या वाटेने हृदयात उतरते. प्रतिस्पर्ध्याचा गुडघा किंवा कोपर डबीवर आदळला तर जखम होईल. खांद्याला वारंवार पीळ बसला तर तारेला चीर जाईल. कबड्डीत चढाई करणाऱ्यावर चार-पाच गडी एकदम कोसळतात, तेव्हाही हाच धोका असतो. ज्याचे हृदय सर्वस्वी यंत्रावरच अवलंबून आहे, त्याची तार तुटली तर ठोकाच थांबू शकतो.

म्हणूनच अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेने २००५ साली पेसमेकर असलेल्या खेळाडूंनी अंगाला अंग भिडणारे स्पर्धात्मक खेळ टाळावेत, असा दंडक घातला. दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, या सरसकट मनाईत विवेक आला. यंत्रावर पूर्णपणे अवलंबून असलेल्याला मनाई कायम राहिली. ज्याचे हृदय यंत्राविनाही काम चालवू शकते आणि ज्याला दुसरा घातक हृदयविकार नाही, त्याने मात्र यंत्राला इजा होण्याचा धोका नीट समजून घेऊन आणि संरक्षक साधने वापरून खेळायला हरकत नाही, असे ठरले.

डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिश्चन एरिक्सन १२ जून २०२१ रोजी भर सामन्यात हृदय बंद पडून कोसळला. त्याला वेगळ्या जातीचे, हृदय बिघडताच विजेचा झटका देणारे यंत्र बसविण्यात आले. इटलीच्या नियमांनी त्याला खेळू दिले नाही. इंग्लंडमध्ये मात्र तो २०२२ च्या फेब्रुवारीत पुन्हा मैदानात उतरला. एकाच खेळाडूविषयी दोन देशांचे दोन निर्णय झाले, यावरून या प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येते. परंतु फुटबॉलमधील धक्का आणि कुस्तीतील पकड यांत अंतर आहे. कुस्तीत छातीवर भार येणे हा अपघात नसून खेळाचा नित्य भागच असतो.

२०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेला तारेवाचूनचा पेसमेकर औषधाच्या मोठ्या कॅप्सूलएवढा असून तो थेट हृदयात बसतो. डबी आणि तार यांचे भय त्यात उरत नाही. परंतु पुढे साठ वर्षे जगावयाच्या तरुणाला घट संपेल तेव्हा काय करावयाचे, हा विचार त्यातही करावाच लागतो. शिवाय तो प्रत्येक रुग्णाला चालत नाही.

तात्पर्य, ‘यंत्र आहे, म्हणून घरी बस’ हा सल्ला जितका अपुरा, तितकाच व्रण झाकून आखाड्यात उतरणे अविचाराचे. हृदय यंत्रावर किती अवलंबून आहे, हे तपासून सांगता येते. तो निर्णय डॉक्टरांनी द्यावा आणि तो वस्तादांपासून लपवू नये. ज्याला झोंबी वर्ज्य ठरेल, त्यालाही धावणे आहे, डॉक्टरांच्या अनुमतीने पोहणे आहे, आणि तालमीत पोरांना डाव शिकविणेही आहे. मल्लविद्येने शरीराला बळ दिले, तसेच आपले बळ ओळखण्याची शिस्तही दिली. आखाड्यात उतरण्यापूर्वी या तरुणाला त्या शिस्तीचीच गरज अधिक आहे.