पेस्कारा

पेस्कारा : इटलीच्या एड्रियाटिक किनाऱ्यावरचे शहर. इथे मोटारींच्या शर्यती होत, पण त्यांसाठी वेगळा ‘ट्रॅक’ कधी बांधलाच नाही. रोजच्या रहदारीचेच रस्ते त्या दिवसापुरते बंद करत. २५.८ किलोमीटरची एक फेरी समुद्राकाठून निघून स्पोल्तोरे, काप्पेल्ले या टेकड्यांवरच्या गावांतून घरांना अगदी खेटून जाई आणि लांबलचक सरळ रस्त्याने पुन्हा किनाऱ्याला येई. १९२४ची पहिली शर्यत एन्झो फेरारी यांनी स्वतः गाडी चालवून जिंकली. त्यांच्या नावाच्या गाड्या फार पुढच्या. फॉर्म्युला वनच्या विश्वविजेतेपदासाठी ही शर्यत एकदाच, १९५७ साली, धरली गेली. व्हॅनवॉल गाडीतून स्टर्लिंग मॉस जिंकले. एवढे लांब सर्किट त्या स्पर्धेत पुन्हा आले नाही. शेवटची शर्यत १९६१ची.