हर्मन मेल्व्हिल : विस्मृती आणि पुनर्भेट

काळ हाच खरा न्यायाधीश, असे आपण नेहमी म्हणतो. अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेल्व्हिल याचे चरित्र वाचल्यावर हे विधान मला अपुरे वाटू लागले. आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी हा विषय निवडला तो त्यामुळेच.

मेल्व्हिलचा जन्म १ ऑगस्ट १८१९ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. तो बारा वर्षांचा असताना कर्जबाजारी झालेले वडील वारले आणि शिक्षणात खंड पडला. जानेवारी १८४१ मध्ये तो देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून निघाला. पुढच्या वर्षी मार्केसस बेटांवर त्याने जहाज सोडून पलायन केले. त्या अनुभवावर आधारलेल्या 'टायपी' (१८४६) या पुस्तकाने त्याला कीर्ती दिली.

१८५१ मध्ये 'मोबी डिक' प्रसिद्ध झाली. लंडनच्या आवृत्तीत मात्र निवेदक कसा वाचला हे सांगणारा उपसंहारच छापला गेला नाही. सारेच बुडाले, तर कथा सांगतो कोण, असा प्रश्न तेथील काही समीक्षकांनी केला. अमेरिकेतही लेखकाच्या हयातीत जेमतेम ३,००० प्रती खपल्या. १८५३ मध्ये प्रकाशकाच्या इमारतीला लागलेल्या आगीत उरलेल्या बहुतेक प्रती भस्मसात झाल्या.

१८६६ पासून १९ वर्षे मेल्व्हिलने न्यूयॉर्क बंदरात जकात निरीक्षकाची नोकरी केली. वेतन होते दिवसाला चार डॉलर. लेखन मात्र थांबले नाही. 'क्लॅरेल' हे सुमारे १८,००० ओळींचे काव्य १८७६ मध्ये मामाने दिलेल्या पैशांतून छापले गेले. २८ सप्टेंबर १८९१ रोजी तो निवर्तला, तेव्हा 'बिली बड' अपूर्ण अवस्थेत होती.

पत्नी एलिझाबेथने ते कागद जपून ठेवले. १९१९ च्या जन्मशताब्दीनिमित्त रेमंड वीव्हर या अध्यापकाने मेल्व्हिलवर लेख लिहिला आणि पुढे तो शोध घेत नातीपर्यंत पोहोचला. तिने आजोबांचे कागद त्याच्यापुढे ठेवले. १९२१ मध्ये चरित्र आले, १९२४ मध्ये 'बिली बड' छापली गेली आणि 'मोबी डिक'ला अभिजात ग्रंथाचे स्थान मिळू लागले.

समकालीनांचा निवाडा अंतिम नसतो, हे यातून दिसतेच. परंतु तो निवाडा काळाने आपोआप बदलला नाही. एका पत्नीने कागद टाकून दिले नाहीत, एका नातीने ते परक्याच्या हाती विश्वासाने दिले, एका शिक्षकाने ते वाचण्याचे कष्ट घेतले. स्मृतिदिन आणि शताब्द्या केवळ औपचारिक ठरू नयेत, असे मला वाटते ते याचसाठी. घरातील जुन्या कागदांची पेटी उघडण्याचे निमित्त त्यांनी आपल्याला द्यावे.