गहाण पडलेलं वऱ्हाड

आज आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरातून तुमच्याशी बोलतो आहोत. मोर्णेच्या एका काठाला आमचं जुनं शहर, असदगड किल्ला आणि राजराजेश्वराचं देऊळ. पुलापलीकडे ताजनापेठ, कचेऱ्या आणि रेल्वे स्टेशन. कागदाचं काम निघालं की आम्ही पूल ओलांडतो. या कागदांवर जिल्हा असतो, तालुका असतो, पण ‘वऱ्हाड’ कुठंच लिहिलेलं नसतं. तरी बाहेरगावी कुणी विचारलं तर आपण सांगतो, ‘आम्ही वऱ्हाडातले.’ कागदावरून पुसलेला हा मुलूख होता तरी कुठं आणि गेला कसा, ते आज पाहू.

आधी जमीन पाहू. उत्तरेला सातपुड्याचा मेळघाट आणि गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. मधल्या सपाट पट्ट्यातून पूर्णा नदी पश्चिमेला वाहत जाऊन तापीला मिळते. आपली मोर्णा, काटेपूर्णा, वाण या सगळ्या पूर्णेच्याच लेकी. या सपाट भागाला जुन्या कागदांत पायनघाट म्हणत आणि दक्षिणेच्या उंच भागाला बालाघाट. पूर्वेला वर्धा नदी ही मुलखाची शीव. काळी, खोल, कपाशीची जमीन. म्हणून तर ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ अशी म्हण पडली. पण याच पूर्णेच्या काठी खारपाणपट्टाही आहे. वावर सोन्याचं आणि विहिरीचं पाणी खारट. या पट्ट्यातल्या बायांना हे वेगळं सांगायला नको, त्यांच्या डोक्यावरचा हंडाच ते सांगतो.

असा पिकाऊ मुलूख प्रत्येकाला हवा होता. 1490 च्या सुमारास एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, इमादशाही उभी राहिली. 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं ती गिळली. 1596 मध्ये चांदबिबीला तह करून वऱ्हाड मोगलांना द्यावं लागलं. 1724 मध्ये बुलढाण्याकडे साखरखेर्ड्याची लढाई झाली आणि मुलूख हैदराबादच्या निजामाकडे गेला. मग नागपूरकर भोसले आणि निजाम या दोघांचीही वसुली इथं चाले. लोक त्याला दोअंमली म्हणत. वावर एक आणि सारा मागायला दारात दोघं! 1803 मध्ये अकोटाजवळच्या अडगावला इंग्रजांनी भोसल्यांचा पराभव केला, लगेच गाविलगड घेतला आणि वर्धेच्या अलीकडचं वऱ्हाड एकट्या निजामाच्या हाती गेलं.

आता गहाणाची गोष्ट. गहाण काय असतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पेरणीला बी-बियाणं नाही, म्हणून पाटल्या किंवा पोत सावकाराकडे ठेवल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. वऱ्हाडाचंही तसंच झालं. निजामाच्या राज्यात एक फौज होती. अधिकारी इंग्रजांचे, हुकूम इंग्रजांचा आणि पगार द्यायचा निजामानं. पगार थकत गेला, कर्ज वाढत गेलं. 1853 मध्ये इंग्रजांनी निजामाकडून तह लिहून घेतला. फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. कागदावर या मुलखाचं नाव पडलं ‘हैदराबादचे नेमून दिलेले जिल्हे’.

त्या तहात एक चांगली अट होती. इंग्रजांनी दरवर्षी जमाखर्चाचा हिशेब निजामाला द्यायचा. 1860 मध्ये नवा तह झाला. निजामाचं पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं, रायचूर आणि धाराशिवकडचा मुलूख त्याला परत मिळाला. पण वऱ्हाड काही सुटलं नाही आणि वर अट पडली, की वऱ्हाडाचा हिशेब आता मागायचा नाही. बायांनो, ज्या बैठकीत हिशेब मागायची सोय नाही, तिथं गहाण सुटेल कसं?

नेमकी त्याच काळात कपाशी महाग झाली. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून त्यांची नजर वऱ्हाडावर पडली. मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून 1867 मध्ये नागपूरला पोचली. गाठोडी भरभरून कापूस मुंबईला जाऊ लागला. हैदराबादचे दिवाण सालारजंग वऱ्हाड परत मागत राहिले. पण असा भरल्या घरासारखा मुलूख कोण सोडतो?

शेवटी 1902 मध्ये लॉर्ड कर्झनच्या वेळी निजाम मीर महबूब अली खान यांनी वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या मक्त्यानं दिलं. वर्षाला पंचवीस लाख रुपये. गहाण होतं ते कायमचा मक्ता झालं. 1903 मध्ये कारभार नागपूरच्या मध्य प्रांताला जोडला. 1905 मध्ये सहा जिल्ह्यांचे चार केले. एलिचपूर जिल्हा अमरावतीत गेला. वाशीम जिल्हा मोडला. वाशीम, मंगरूळ अकोल्याला आले, पुसद यवतमाळला गेलं. खामगाव आणि जळगाव जामोद अकोल्याचे होते, ते बुलढाण्याला दिले. एका कागदानं किती गावांची कचेरी बदलली असेल, बघा!

पुढे 1936 मध्ये निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब मिळाला. मुलूख हातात नाही, नाव तेवढं हातात. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 8 ऑगस्ट 1947 ला, पश्चिम महाराष्ट्राचे आणि विदर्भाचे पुढारी आपल्याच अकोल्यात बसले. एकाच मराठी प्रांतात दोन उपप्रांत कसे असावेत, यावर त्यांनी करार केला. तो अकोला करार. 1950 मध्ये वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं, 1956 मध्ये मुंबई राज्यात आलं आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. माणूस त्याच ओट्यावर बसून, राज्यं तीन! आणि 1905 मध्ये मोडलेला वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 ला पुन्हा झाला. त्र्याण्णव वर्षांनी.

या साऱ्या कहाणीत एक गोष्ट आमच्या लक्षात राहिली. 1853, 1860, 1902, तिन्ही कागदांवर सह्या झाल्या. पण ज्या कास्तकारांच्या साऱ्यावर हा सगळा सौदा उभा होता, त्यांना कुणी विचारलं नाही. कपाशी वेचणाऱ्या बाईला तर नाहीच नाही. आपलं वावर कुणाकडे गहाण आहे, हेही तिला ठाऊक नसेल.

आज तसं राहिलेलं नाही. आपल्याला मत आहे, ग्रामसभा आहे, गटाचं रजिस्टर आहे. पण सवय जुनीच आहे. ‘सही करा, बाकी आम्ही पाहतो’ असं कुणी म्हटलं की आपण अंगठा पुढे करतो. म्हणून पुढच्या बैठकीत आमची एक विनंती. कर्जाचा कागद असो की ग्रामसभेचा ठराव, तो एकीनं मोठ्यानं वाचावा आणि बाकीच्यांनी तीन गोष्टी विचाराव्या. काय देतो आहोत? किती दिवसांसाठी? आणि हिशेब कोण, कधी दाखवणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत सही थांबवावी. वऱ्हाडाचं गहाण त्याच प्रश्नापाशी अडकलं होतं.

आणि घरातल्या आजीला एवढं विचारा, की तिच्या लहानपणी आपलं गाव कोणत्या तालुक्यात, कोणत्या जिल्ह्यात होतं. ती सांगेल ते लिहून ठेवा. वऱ्हाडाचा तेवढा इतिहास तरी आपल्या हातचा लिहिलेला असू द्या.