नीरेकाठचं मीठ

पर्यावरणाचं अर्थशास्त्र परदेशी पुस्तकांतून आपल्याकडे आलं, असं माझे विद्यापीठातले विद्यार्थी धरून चालतात. म्हणून पहिल्या तासाला मी नीरा डाव्या कालव्याची गोष्ट सांगतो.

हा कालवा १८८५ साली वाहू लागला. १८७६-७८चा दुष्काळ लोक विसरले नव्हते. सरकारचा हिशेब मात्र साधा होता : पाणीपट्टीतून भांडवलावर व्याज किती सुटतं? बारामतीकडच्या भारी काळ्या जमिनीत ऊस उभा राहिला. पाणी मुबलक, निचरा नाही. जमिनीतलं पाणी वर चढलं, उन्हानं उडून गेलं आणि मीठ मागे राहिलं. १९१० साली हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खाऱ्या जमिनींवर पुस्तिकाच काढली. म्हणजे अवघ्या पंचवीस वर्षांत ही पाळी आली!

पुढे १९४८ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेनं धनंजयराव गाडगीळांचा गोदावरी-प्रवरा कालव्यांवरचा अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी तिजोरीपलीकडे कालव्याचा लाभ कुठवर पोचतो, हे त्यांनी गावोगाव पाहणी करून मोजलं. मी या अहवालाला फार मानतो. पण मानांची पुस्तिका त्याच्या शेजारी ठेवूनच तो वाचायला हवा. आपल्याकडे धरणं-कालव्यांच्या समर्थनात अप्रत्यक्ष लाभांची यादी वाढत गेली. अप्रत्यक्ष तोट्यांची तितक्या तत्परतेनं वाढली नाही.

तोटा मोजता येत नाही असं थोडंच आहे? चोपण झालेल्या रानाचं उत्पन्न शेजारच्या चांगल्या रानाशी ताडून पाहा, दोन्हींचा एकरी भाव विचारा, निचऱ्याचा खर्च काढा. विद्यार्थ्यांना मी हेच करायला पाठवतो. खरी अडचण वेगळीच आहे. पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र पाहून लावली, की जादा पाणी घेणाऱ्याला झळ बसत नाही. ते पाणी झिरपतं खालच्याच्या रानात, आणि त्याची पावती कोणी फाडत नाही.

शिवाय एकट्यानं चर खणून भागत नाही. पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर मध्ये चौघांचे बांध येतात. त्या चौघांत खर्च कसा वाटायचा, हे गणित मी परीक्षेत घालतो. बरीच मुलं सरळ चार वाटे करतात. शेतकऱ्याघरची मुलं आधी विचारतात, ‘‘सर, वर कोण आणि खाली कोण?’’