टीवाय संपलं म्हणजे ग्रॅज्युएट झालो का? क्रेडिट, केटी आणि ओजेटीचा हिशोब

टीवायचा शेवटचा पेपर झाला की कॉलेजच्या गेटवर ग्रुप फोटो निघतो, स्टेटसला 'फायनली ग्रॅज्युएट' पडतं आणि घरी पेढे येतात. पुढे भरतीचा फॉर्म भरताना पदवी उत्तीर्ण झाल्याची तारीख विचारली जाते. तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळतं की कॉलेज संपणं आणि पदवी पूर्ण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा फरक पूर्वीही होताच. पण नवीन शैक्षणिक धोरणानंतर पदवीचा हिशोबच बदललाय. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांमध्ये २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. म्हणजे २०२४ मध्ये साध्या संलग्न कॉलेजात बीए, बीकॉम, बीएस्सीला एफवायला बसलेली मुलं २०२७ मध्ये टीवायमधून बाहेर पडतील. घरातल्या मोठ्यांनी दिलेला सल्ला या मुलांना पूर्णपणे लागू पडेलच असं नाही.

पदवी आता 'क्रेडिट'मध्ये मोजतात

वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयाचे साधारण १५ तास म्हणजे एक क्रेडिट. प्रॅक्टिकल किंवा प्रत्यक्ष कामाचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान १६० क्रेडिट लागतात. महाराष्ट्राच्या रचनेत वर्षाला ४४ क्रेडिट धरली आहेत. त्यामुळे तीन वर्षांची १३२ आणि चार वर्षांची १७६ होतात.

ही क्रेडिट फक्त मेजर विषयाची नसतात. मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भाषा, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञान प्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, समाजसेवेचा उपक्रम, ओजेटी असं बरंच काही त्यात येतं. यातले कित्येक विषय दोनच क्रेडिटचे असतात. 'अरे, तो काय विषय आहे का' असं म्हणून मुलं नेमकं तिथेच दुर्लक्ष करतात. इकॉनॉमिक्समध्ये वर्गात पहिला आलात, पण पर्यावरणाचा दोन क्रेडिटचा पेपर राहिला, तर पदवी अडते.

आणि केटीचं काय? एटीकेटी म्हणजे काही विषय राहिले असतानाही पुढच्या वर्गात बसायची सवलत. तो विषय माफ होत नाही. एफवायची केटी टीवायपर्यंत सोबत आली, तर सहावं सेमिस्टर पास होऊनही तुम्ही पदवीधर नसता. आयबीपीएसच्या बँक भरतीत ठरलेल्या तारखेपर्यंत पदवीचा निकाल जाहीर झालेला असावा लागतो, परीक्षा दिलेली असून भागत नाही. एमपीएससीच्या राज्यसेवेत अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना पूर्वपरीक्षेला बसता येतं, पण मुख्य परीक्षेच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत पदवी हातात लागते. एका केटीमुळे अख्खं वर्ष जातं ते असं.

मध्येच सोडलं तरी 'काहीतरी' मिळतं, पण काय?

नव्या रचनेतला सगळ्यात जास्त गैरसमजाचा भाग हाच आहे. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर सर्टिफिकेट आणि दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा, असं रील तुम्ही पाहिलं असेल. ते खरं आहे, पण अर्धंच. त्यासाठी त्या वर्षाची सगळी क्रेडिट पूर्ण हवीत आणि वर चार क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स किंवा इंटर्नशिपही करावी लागते. दोन विषयांत नापास होऊन घरी बसलेल्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. हे सर्टिफिकेट आणि डिप्लोमा म्हणजे पदवी नव्हे. जिथे पात्रता 'कोणत्याही शाखेची पदवी' अशी असते, तिथे ते चालत नाहीत. लग्न, घरातलं आजारपण, फीचे पैसे नसणं अशा कारणांनी शिक्षण सुटतं तेव्हा 'निदान सर्टिफिकेट तरी मिळालं' म्हणून विषय संपवू नका. आराखड्यात परत येण्याची सोय आहे. बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत पुन्हा प्रवेश घ्यायचा आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची. माझ्या मते या धोरणातली सर्वात उपयोगी तरतूद ही आहे. बाहेर पडण्याची जेवढी जाहिरात होते तेवढी परत येण्याचीही व्हायला हवी होती.

ही क्रेडिट जमा राहतात ती अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसीमध्ये. डिजिलॉकरवरून त्याचं खातं उघडता येतं. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी असतं, आधारवर मात्र वेगळाच क्रम, कधी स्पेलिंगही वेगळं. त्यामुळे अडचण येऊ शकते. एफवायलाच खातं उघडा आणि तुमची क्रेडिट त्यात दिसतात का ते दर सेमिस्टरला तपासा. दिसत नसतील तर कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या.

चौथं वर्ष करायचं का?

सगळ्यांना गरज नाही. सरकारी भरतीला तीन वर्षांची पदवी पुरते. तीन वर्षांनंतर एमए, एमकॉम, एमएस्सी दोन वर्षांचं, तर चार वर्षांनंतर एकाच वर्षाचं, म्हणजे एकूण वर्षं सारखीच. चौथ्या वर्षाचा खरा फायदा संशोधनात जाणाऱ्यांना आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केली तर मास्टर्स न करता नेट आणि पीएचडीचा रस्ता मोकळा होतो. 'ऑनर्स विथ रिसर्च' मात्र पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के असतील तरच, आणि ते प्रत्येक कॉलेजात मिळेलच असं नाही.

ओजेटी: सही-शिक्का की खरं काम?

ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, चार क्रेडिटचं असतं. प्रत्यक्ष कामाच्या हिशोबाने ते १२० तास होतात. अनेक मुलं ओळखीच्या दुकानदाराकडून सही-शिक्का आणतात, क्रेडिट पडतात, विषय संपतो. यात नुकसान कोणाचं? मुलाखतीत 'तिथे काय काम केलंत' या प्रश्नावर गप्प बसणाऱ्याचं.

मोठी कंपनीच हवी असं काही नाही. बीकॉमवाल्याने गावातल्या सीएकडे किंवा कर सल्लागाराकडे बसून जीएसटीची बिलं लावली, बीएवाल्याने स्थानिक साप्ताहिकासाठी बातम्या लिहिल्या, बीएस्सीवाल्याने दूध संकलन केंद्रात फॅट-एसएनएफच्या नोंदी केल्या, तरी सांगायला काहीतरी ठोस असतं. रोज काय केलं ते वहीत लिहून ठेवा. बायोडेटा बनवताना तीच वही कामाला येते.

पदवी झाली, नोकरी नाही. मग?

पुढची पायरी म्हणून दोन सरकारी वाटा माहीत असू द्या. एक म्हणजे नॅट्स, केंद्राची राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजना. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली ती चालते. २०१९ च्या नियमांत पदवीधराचं किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरलं. दुसरी म्हणजे २०२४ मध्ये राज्याने सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. त्यात पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये ठरवले होते. दोन्हीकडे तुम्ही प्रशिक्षणार्थी असता, कर्मचारी नाही. मुदत संपल्यावर तिथेच नोकरी मिळेल असं कोणी तोंडी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

नॅट्समध्ये एक अट आहे आणि ती उशिरा कळते. एक वर्ष किंवा त्याहून जास्त नोकरीचा अनुभव झालेल्याला त्यात घेत नाहीत. त्यामुळे 'आधी मिळेल ती नोकरी करू, अप्रेंटिसशिपचं नंतर बघू' असं ठरवत असाल, तर क्रम उलटा लावा.