ज्ञानेश्वरीतील ओवी
ज्ञानेश्वरीतील ओवी : ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२, इ. स. १२९०) सुमारे नऊ हजार ओव्यांचा रचनाबंध. ओवी मूळची लोकगीतातील. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख आहे. तर शार्ङ्‌गदेवाच्या संगीतरत्नाकरात (तेरावे शतक) प्रासयुक्त तीन खंड व अखेरीस ‘ओवी’ हे पद, असे तिचे वर्णन येते. ज्ञानेश्वरीतील साडेतीन चरणांच्या ओवीचे बीज या जुन्या आकृतीत दिसते. पहिले तीन चरण अंत्ययमकाने बांधलेले असतात. चौथा आखूड व बहुधा यमकहीन असतो.

अक्षरसंख्या नियत नाही. प्रचलित पाठातील पहिल्या ओवीत ती सहा, सहा, आठ व चार, तर दुसऱ्या ओवीत सात, आठ, सात व सहा अशी आहे. लघुगुरूंचा क्रम वा मात्रांची बेरीजही येथे चालत नाही. म्हणून या रचनेस शिथिल म्हणण्याचा मोह होतो, पण तो रास्त नव्हे. तीन यमकांनी वाढलेली अपेक्षा चौथ्या चरणाशी एकाएकी थांबते आणि आशय नेमका तेथे ठसतो. दृष्टान्तांची मालिका ओव्यांमागून ओव्या चालविताना हा थांबा फार उपयोगी पडतो; संस्कृत वृत्ताच्या चौकटीत असे निरूपण अवघडले असते. गायिली तर गाण्याचे लेणे आणि नुसती वाचली तरी गीताहून सरस, असा आपल्या ओवीचा गौरव ज्ञानेश्वरांनी स्वतःच केला आहे.

या मोकळेपणाची किंमत मात्र ग्रंथाच्या पाठाला मोजावी लागली. अक्षरगणवृत्तात एखादे अक्षर वाढले की कान अडखळतो. ओवीत यमकापुरतेच बंधन असल्याने लेखनिकांनी चरणाच्या पोटात घातलेली भर सहज पचून जाते. एकनाथांनी शके १५०६ (१५८४) मध्ये पाठशुद्धी केली, तेव्हा ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे, असे त्यांना बजावून सांगावे लागले. एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये आपली प्रत प्रसिद्ध केली. त्यानंतर हा पाठविचार पुन्हा ऐरणीवर आला.

एकनाथांच्या स्वतःच्या ओवीत चौथा चरण बराच लांबला. त्यामुळे निरूपणाला ऐसपैसपणा लाभला, तरी तो आखूड आघात उणावला.