शस्त्रक्रियोत्तर जंतुसंसर्ग व ऋतुमान

शस्त्रक्रियेच्या जखमेत सूक्ष्मजंतूंचा शिरकाव होऊन सूज, वेदना वा पू निर्माण होणे, यास शस्त्रक्रियोत्तर जंतुसंसर्ग म्हणतात. तो सामान्यतः ३० दिवसांच्या आत उद्भवतो. उष्ण ऋतूत त्याचा धोका वाढतो, या जुन्या समजास आधुनिक संशोधनाने मर्यादित दुजोरा दिला आहे.

इतिहास : सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात हेमंत, शिशिर व वसंत ऋतूंत जखमेची पट्टी तिसऱ्या दिवशी, तर शरद, ग्रीष्म व वर्षा ऋतूंत दुसऱ्या दिवशी सोडावी, असे सांगितले आहे. अग्निकर्म (डाग देणे) शरद व ग्रीष्म ऋतूंत वर्ज्य मानले आहे. मात्र व्याधी तातडीची असल्यास ऋतूच्या विरुद्ध उपचारांची जोड देऊन ते करण्यास मुभा आहे. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ पासून ग्लासगो येथे जखमांवर कारबॉलिक अम्ल वापरले व १८६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यामुळे दूषित हवेऐवजी जंतूंवर लक्ष केंद्रित झाले.

अमेरिकेतील रुग्णालयीन नोंदींच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सरासरी तापमान सु. ३२° से.हून अधिक असताना अशा संसर्गामुळे रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता, सु. ४° से.हून कमी तापमानाच्या काळाच्या तुलनेने सु. २९ टक्क्यांनी अधिक आढळली. ही वाढ सापेक्ष आहे : थंडीत शंभरांपैकी तिघांना संसर्ग होतो असे मानल्यास, उष्ण काळात ही संख्या चारच्या आतच राहील. उष्णता व घाम यांमुळे त्वचेवरील जंतूंची वाढ होणे, हे याचे एक संभाव्य कारण होय.

बारामती व इंदापूर : पुणे जिल्ह्यातील हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. एप्रिल-मेमध्ये तापमान ४०° से.च्या आसपास जाते. येथील हिवाळा सौम्य असल्याने वरील प्रमाण जसेच्या तसे लागू पडत नाही. शिवाय माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील साखर कारखान्यांचा गाळप हंगाम हिवाळ्यातच येतो. त्यामुळे ऊसतोडणी मजुरांच्या नियोजित शस्त्रक्रिया उन्हाळ्यावर ढकलल्या जाण्याचा संभव असतो. बारामती येथे २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

प्रतिबंध : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार शस्त्रक्रियेपूर्वी स्नान करावे, केस वस्तऱ्याने काढू नयेत आणि आवश्यक तेथे प्रतिजैविक छेद घेण्यापूर्वी दोन तासांच्या आत द्यावे. हे उपाय सर्व ऋतूंत लागू पडतात. उन्हाळ्यात जखम कोरडी व स्वच्छ ठेवण्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. आंत्रपुच्छदाह, अडकलेला अंतर्गळ किंवा अडलेली प्रसूती यांत मात्र ऋतूची वाट पाहणे संसर्गापेक्षा अधिक घातक ठरते.